‘मुलगी होऊ दे’

दाजींचा फोन आला तेव्हा मी शाळेत शिकवायला निघाले होते. “तुझी ताई गेली,” एवढंच म्हणाले. चहा ठेवता ठेवता छातीत कळ आली आणि मंचरच्या दवाखान्यात पोचायच्या आतच... बेचाळिसावं लागलं होतं तिला. लाज वाटते सांगायला, पण माझ्या मनात पहिल्यांदा आला तो माझा सहा वर्षांचा ओम. त्याच्यासाठी माझ्याइतकं घाबरणारं आता कुणी उरलं नव्हतं.

आम्ही येडगावच्या. ताईला मंचरला दिलं, मला जुन्नरला. नव्वदच्या दशकात ताईला दोन मुलगे झाले आणि दोघेही वर्षाच्या आत गेले. दोघांचं अगदी सारखंच... महिन्याभरात जुलाब, अंगभर लाल चट्टे, मग रक्तात साखर. तान्ह्या बाळाला मधुमेह! लोकांनी ताईच्या पायगुणाला नावं ठेवली. ती खाली मान घालून ऐकून घ्यायची.

पुढं काही वर्षांनी, त्या मुलांना तपासणाऱ्या पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला बोलावून घेतलं. नवं संशोधन त्यांच्या वाचनात आलं होतं. “रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात, तशा त्यांना आवरणाऱ्याही असतात, रेग्युलेटरी टी पेशी. तुमच्या मुलांमध्ये त्या बहुधा नीट घडल्याच नाहीत. मग लढणाऱ्या पेशी बाळाच्याच शरीरावर उलटल्या. हा दोष आईकडून येतो, मुलग्यांना भोवतो. तुमच्या बहिणीतही असू शकेल.”

मला तेव्हा चौथा महिना होता.

ताई तशीच एसटीनं जुन्नरला आली. “तुला सांगू नको म्हणत व्हते समदे. पर मला ऱ्हावलं न्हाई,” म्हणाली. या दोषाची तपासणी तेव्हा आमच्या आवाक्यात कुठंच नव्हती. सासूबाई नातवासाठी भीमाशंकरला अभिषेक करून आल्या, आणि आम्ही दोघी बहिणी आतल्या खोलीत एकमेकींचे हात धरून म्हणत होतो, मुलगी होऊ दे...

मुलगा झाला. घरात पेढे वाटले गेले. ताई भिंतीला टेकून खालीच बसली.

तीन महिने ती माझ्याकडे राहिली. रोज सकाळी ओमला उजेडात उघडा करून पाठ, काखा, मांड्या न्याहाळायची. लंगोट दुसऱ्या कुणाला बदलू द्यायची नाही. एकदा त्याच्या मानेवर पुरळ दिसलं. ती त्याला पोटाशी धरून स्टँडकडे निघाली. मी अनवाणी मागे धावले. पुण्यात रक्त तपासलं. साखर ठीक होती. “घामोळं आहे हो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा ताई तिथंच हमसून हमसून रडली.

वर्ष उलटलं, ओम चालायला लागला. “आता भ्यायचं न्हाई,” ताईनं मला बजावलं. मला वाटलं, तिचीही भीती गेली.

तेराव्यानंतर तिच्या स्वयंपाकघरात गेले. खिळ्याला सहा वर्षांची कॅलेंडरं एकावर एक अडकवलेली. प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेनानं एकच शब्द: ‘बरा’. रोज संध्याकाळी फोन करून, इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर ओमची चौकशी करायची, ती यासाठी... शेवटचा ‘बरा’ ती गेली त्याच्या आदल्या दिवशीचा.

परवा संध्याकाळी फोन वाजला. दाजी होते. कधी नव्हे ते आधी इकडचंतिकडचं बोलले.

“पोरगं बरं हाय ना?”

“हो, दाजी.”

“थांब जरा... पेन कुठं ठिवलंय हिनं?”