सिग्रिड ब्रेक्केची हलकी रायफल

अस्वलानं सिग्रिडला नखही लावलं नव्हतं. तरी त्या दिवसानंतर ती पूर्वीची राहिली नाही, हे आमच्या खोऱ्यात सगळ्यांना दिसत होतं.

सिग्रिड शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. अंगानं काटक, जिभेनं तिखट. बापानं तिला लहानपणापासून डोंगरात नेलेलं, त्यामुळे दर शरदात ती एकटी वर जायची आणि एल्क पाडून यायची. एल्क म्हणजे सांबराचा थोरला भाऊ, घोड्याएवढं धूड. एक मिळाला की ब्रेक्केंच्या घरी वर्षभर दुसरं मांस लागत नसे. नवरा वेंडेल लाकडाच्या गिरणीत जन्मभर भुसा गिळून फुप्फुसं घालवून बसला होता. नाकाला प्राणवायूची नळी, काखेत छोटी टाकी. दहा पावलं चालला की भात्यासारखा आवाज. तेव्हा शिकार तिचीच. मी त्यांचा शेजारी, एमेट. घोड्यांना नाल मारतो, दोन खेचरं पाळतो. तिनं जनावर पाडलं की मांस खाली आणायला मी आणि माझी खेचरं.

त्या वर्षी तिच्याकडे बापाचीच रायफल होती. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, लांब नळी, खांद्याला लटकवली की मानेवर जू ठेवल्यासारखी. तिचा एक खांदा तरुणपणी घोड्यावरून पडून निखळला होता, तो चढणीवर ठणकायचा. म्हणून एल्क पाडल्यावर तिनं रायफल झाडाला टेकवली, पिशवी तिथंच अडकवली आणि सुरी घेऊन वाकली. अस्वलावर मारायचा तिखटाचा फवारा पिशवीतच राहिला.

मागे कोणीतरी नाकातून जोरात हवा सोडली. हुफ्फ.

तिनं वळून पाहिलं. एक थोराड ग्रिझली अस्वल तिच्या आणि त्या झाडाच्या मधे उभं होतं.

मी खेचरं घेऊन वर चाललो होतो तेव्हा ती मला पायवाटेवर भेटली. हात कोपरापर्यंत रक्तानं भरलेले, रक्त एल्कचं. खेचराचा दोर धरून ती उभी राहिली. म्हणाली, "एमेट, त्याच्या तोंडाचा वास आला मला. ओल्या कुत्र्यासारखा." ती उलट्या पावलांनी तिथून निघाली होती आणि अस्वल तिच्याकडे बघत एल्कवर जाऊन बसलं होतं. जंगलखात्याच्या माणसांबरोबर जाऊन मी नंतर ती रायफल आणली. दस्त्यावर पंजाचे ओरखडे होते. तिनं ती हातात घेतली नाही.

हिवाळाभर ती भीती त्यांच्या घरात पाहुण्यासारखी राहिली. भरदुपारी मागच्या खोपटातून सरपण आणायचं तर सिग्रिड आधी दारात उभी राहून पातेल्यावर पळी बडवायची. कुत्रं शिंकलं तरी दचकायची. एकदा शाळेत कुणीतरी बाक सरकवला, तो आवाज ऐकून तिच्या हातातला बटाट्यांचा अख्खा थाळा खाली गेला. पोरं हसली, मग तिचं तोंड बघून गप्प झाली.

उन्हाळा सरता सरता ती माझ्या भट्टीपाशी आली. "यंदा मी जाणार."

"कशाला? मी पाडेन त्या एल्कचं अर्धं मांस तुझं. घरी बस की निवांत."

"घरी बसले तर उद्या खोपटात जायचं बंद होईल, परवा अंगणात. मला हलकी रायफल बघायचीय. मांस कापताना पण पाठीवरून उतरवायची नाही, अशी."

गावातल्या लायमनच्या हत्यारांच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. वेंडेल गाडीतच बसला, त्याला दुकानातल्या तेलाचा वास सोसत नाही. लायमननं भिंतीवरून एक बोल्टची, म्हणजे दांडा मागेपुढे सरकवून काडतूस चढवायची, रायफल काढून सिग्रिडच्या हातात दिली. काळा कृत्रिम दस्ता, नळी बारीक, वजन जुनीच्या निम्मं. वर्षभरात पहिल्यांदा मी तिला हसताना पाहिलं.

"गोळी मात्र सगळ्यात दांडगी," लायमन म्हणाला. "एल्क तर पडेलच, पण अस्वल आलं तर तेही आडवं."

अस्वल म्हटल्याबरोबर तिचं हसू गेलं. "हीच द्या."

"अगं, जरा दम धर," मी म्हणालो. "गोळी झाडून तरी बघ."

लायमन सरळ माणूस. गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत झाडून बघायला त्यानं रायफल दिली. पहिल्याच गोळीला असा दणका बसला की वर बसवलेल्या दुर्बिणीची कड तिच्या भुवईवर आदळली. रक्त पुसून ती पुन्हा बसली. दुसरी गोळी निशाण्याच्या कागदाला लागलीच नाही. काडतूस मी भरून देत होतो, तिसऱ्या वेळी तिच्या नकळत नळी रिकामीच ठेवली. तिनं चाप ओढला, नुसतं टक् झालं, आणि तरीही नळीनं खाली गोता खाल्ला. तिचे डोळे घट्ट मिटलेले होते.

वेंडेल गाडीची काच खाली करून बघत होता. "सिग्रिड," त्यानं हाक मारली, "ही तू एल्कसाठी घेतेस का अस्वलासाठी?"

तिनं रायफल मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाली, "अस्वलासाठी."

"अस्वलासाठी कमरेला फवारा लाव. डोळे मिटून मारलेल्या गोळीनं ते नुसतं चिडेल." तो श्वास घ्यायला थांबला. "हलकी रायफल म्हणजे चढणीवर आई आणि चाप ओढताना सासू. त्या सासूच्या हातात वर मुसळ कशाला देतेस?"

शेवटी तिनं दुसरी घेतली. पहिलीपेक्षा थोडी जड, पण जुनीच्या मानानं काठीच. गोळी मध्यम. लायमनचा चेहरा पडला. "ही हरणाला ठीक आहे हो. एल्कला फार जवळ जावं लागेल."

"मी जवळच जाते. लांबून मारणाऱ्यांनी जखमी केलेली जनावरं मी पुष्कळ पाहिलीत," ती म्हणाली. लायमननं तिच्या हाताच्या बेतानं दस्ता आखूड करून दिला आणि मागे मऊ रबर बसवलं. पुढे रोज शाळा सुटली की ती खाणीत जायची. डोळे उघडे ठेवायला शिकण्यात तिचा तो महिना गेला.

शिकारीचा हंगाम सुरू झाला. ती वरच्या अंगानं चालायची, मी खालच्या अंगानं, एकमेकांचं नारिंगी जाकीट दिसेल एवढ्या अंतरानं. कुणी जनावर समजून गोळी मारू नये म्हणून शिकारीला जाणारा प्रत्येक जण ते घालतो. जनावर नजरेस पडेपर्यंत नळीत काडतूस चढवायचं नाही, हा तिच्या बापाचा नियम. तो ती पाळते आहे असं मी धरून चाललो होतो.

त्या दुपारी बारीक बर्फ पडत होतं. वर कावळे घोंगावत होते म्हणून आम्ही जपून गेलो, तर दुसऱ्या कुणा शिकाऱ्यानं पाडलेल्या एल्कची आतडी पडलेली. त्यांच्याभोवती माती उकरून ओढलेली, आणि बाजूला पंजाचा ठसा. त्यात अजून बर्फ भरलं नव्हतं. सिग्रिडचे ओठ पांढरे पडले.

"खाली जाऊ," मी हळूच म्हणालो.

गाडीरस्ता खाली जवळच होता, पण तिकडे जायला एकच वाट, कोवळ्या देवदारांच्या दाट झाडीतून. आत शिरलो तेव्हा चार हातांपलीकडचं दिसेना. फांद्या जाकिटावर घासायच्या, त्याचाही आवाज मोठा वाटायचा. ती माझ्यापुढे होती. अचानक थांबली. तिनं हात वर केला.

समोर काहीतरी फांद्या मोडत येत होतं. थांबत होतं, पुन्हा येत होतं. आणि मग तो आवाज. हुफ्फ. हुफ्फ.

माझा हात फवाऱ्याकडे गेला, पण बोटांना झाकण सापडेना. सिग्रिडची रायफल खांद्याला कधी लागली ते मला कळलंच नाही, इतकी ती हलकी होती. बोल्ट सरकल्याचा आवाज आला नाही. म्हणजे काडतूस आधीपासून नळीत होतं. चाप अडवून ठेवणारा सेफ्टीचा खटका पडल्याचं मात्र मी स्पष्ट ऐकलं. झाडीत तपकिरी काहीतरी हललं. आता आवाज होणार म्हणून मी डोळे मिटले.

आवाज झाला नाही. कुणीतरी खोकलं.

डोळे उघडले तर सिग्रिडच्या रायफलची नळी जमिनीकडे होती आणि समोर फांद्यांत तपकिरी कोट घालून वेंडेल उभा होता. काखेत टाकी, नाकाखाली नळी, श्वास भात्यासारखा. नारिंगी जाकीट अंगात नव्हतं.

"दुकानात लोक सांगत होते," तो धापा टाकत म्हणाला, "वर अस्वल दिसलंय. म्हटलं, सांगून यावं. घाईत जाकीट खुंटीलाच राहिलं."

सिग्रिडनं बोल्ट मागे ओढला. काडतूस उडून बर्फात पडलं. ते कुणीच उचललं नाही. ती तिथंच बसली आणि तिचे दात वाजायला लागले. वेंडेलला अजून काही कळलं नव्हतं. तिच्या खांद्यावर हात ठेवून तो विचारत होता, "अगं, झालं काय? अस्वल दिसलं का?"

"हो," ती म्हणाली. "मला तूच अस्वल दिसलास."

पुढे एकदा मी तिला विचारलं, का थांबलीस. तिनं लपवलं नाही. "चाप अर्धा ओढला होता. दुर्बिणीत नुसतं तपकिरी दिसत होतं, डोकं कुठलं नि धड कुठलं कळेना. नेम चुकू नये म्हणून दुर्बिणीतून डोळा काढून वरून बघितलं, एमेट. मारायचं नाही म्हणून नाही. नीट मारता यावं म्हणून. तर त्याच्या नाकाखालची नळी दिसली." एवढं बोलून ती उठून गेली.

झाडीतल्या त्या प्रसंगाच्या दुसऱ्याच दिवशी तिनं रायफल माझ्या भट्टीपाशी आणून ठेवली होती. "घरात नको." अस्वलाची भीती निदान डोंगरात होती. ही भीती तिच्या स्वतःच्या हातात होती. वेंडेल सांगायला आला की ती भाजी चिरायलाही सुरी घेत नाही आणि जेवताना त्याच्या तोंडाकडे बघत नाही.

"तू काय म्हणालास तिला?" मी विचारलं.

"काय म्हणणार? ती जवळून गेली की मी पण दचकतो. घरात दोघंही एकमेकांना घाबरून वावरतोय."

पण हंगामाच्या शेवटच्या शनिवारी सकाळी तो जो सजून आला, ते बघून माझी खेचरंही बिचकली. नारिंगी टोपी, नारिंगी जाकीट, नारिंगी हातमोजे, टाकीला नारिंगी फडकं बांधलेलं. मागे सिग्रिड. रडून डोळे लाल झालेले, पण त्याच्याकडे बघून हसू आवरत नव्हतं.

"मी रस्त्याच्या टोकाला गाडीत बसणार," वेंडेल म्हणाला. "उतरणार नाही. शपथ घ्यायला लावलीय हिनं."

सिग्रिडनं भट्टीपाशी ठेवलेली रायफल उचलली आणि माझ्याकडे वळली. "दाट झाडी आली की रायफल तुझ्याकडे. काडतूस चढवायचं ते मोकळ्यावर, अख्खं जनावर दिसल्यावर. त्याआधी माझ्या रायफलची नळी सारखी उघडून बघत राहा. मी सांगितलं तरी विश्वास ठेवू नकोस."

मी प्रत्येक वळणावर बोल्ट उघडून बघितला. दर वेळी नळी रिकामी होती.

दुपारच्या आत उघड्या उतारावर एल्कच्या माद्या चरताना दिसल्या. सिग्रिड पोटावर सरपटत पुढे गेली, पिशवीवर नळी टेकवली आणि काडतूस चढवलं. तिची पाठ थरथरत होती, ती मी बघत होतो. मग थरथर थांबली. एकच आवाज झाला. कळप उधळला, एक मादी थोडी चालून खाली बसली आणि मान टाकली.

खरी परीक्षा त्यानंतर होती. पुन्हा वाकायचं होतं, पुन्हा झाडीकडे पाठ करायची होती. तिनं नळी रिकामी केली, रायफल पाठीवर आडवी घेतली, फवारा हाताशी ठेवला आणि सुरी काढली. पहिला छेद घेताना तिनं मागे बघितलं. दुसरा घेताना पुन्हा बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. तू कुठं आहेस ते मला ऐकू येत राहिलं पाहिजे."

म्हणून मी फवारा हातात धरून झाडीकडे तोंड केलं आणि बोलत राहिलो. कुठल्या घोड्याचा खूर कुठं फुटलाय, माझी बहीण कुणाशी भांडली, लायमनच्या दुकानाचं छप्पर कसं गळतं, सगळं. कावळे आले. एकदा फांदी मोडली तेव्हा माझा आवाज चिरकला, पण थांबलो नाही. तिची सुरीही थांबली नाही. अस्वल आलं नाही. त्या दिवशी ते कुठं होतं कोण जाणे.

खेचरांवर मांस लादून आम्ही रस्त्यापर्यंत आलो तेव्हा मी अजून बोलतच होतो. वेंडेलनं काचेतून डोकं बाहेर काढलं. "ह्याची टकळी कधीपासून सुरू आहे?"

"त्याला थांबवू नकोस," सिग्रिड म्हणाली.  तिनं हात बर्फानं धुतले आणि खेचराचा दोर धरला. "अजून एक खेप आणायचीय."

आम्ही पुन्हा वर निघालो. ती पुढे, मी मागे, आता माझ्या आतेभावाच्या लग्नाची हकीकत सांगत.