यांचं एकच जपानी वाक्य

काल सकाळी जपानात भूकंप झाला आणि माझी पोरगी फोन उचलेना.

स्वाती तिकडे म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात नोकरी करते. टीव्हीवर तिच्याच शहराचं नाव दाखवत होते.

आज यांना जाऊन वर्ष झालं. हे असते तर मी फोन यांच्याच हातात दिला असता.

स्वाती अमरावतीला जपानीच्या क्लासला जायची, तेव्हा हेही घरी तिच्याजवळ शिकायला बसले. चांदूर बाजारला भाजी विकणारा माणूस! पुस्तकात पहिलंच वाक्य, 'हे सफरचंद आहे.'

"सफरचंद कशाले? माही पोरगी सुखरूप आहे का, हे कसं म्हणतात ते सांग."

"बाबा, मी अजून गेली तरी का?"

तिने शिकवलं. मुसुमे वा बुजी देस का?

मुसुमे म्हणजे मुलगी. शेवटचा 'का' आपल्यासारखाच, प्रश्नाचा. बुजीची चित्राक्षरं दोन, 無事. पहिलं म्हणजे 'नाही', दुसरं म्हणजे 'घटना'.

काही घडलं नाही, म्हणजे सुखरूप.

हे भाजीच्या कॅरेटवर खडूने तेच गिरवत बसायचे.

"तू बी पाठ कर वं."

"घरात असं अभद्र बोलू नका. वास्तू तथास्तु म्हणते."

"मंग अंगणात चाल."

रोज अंगणात उभं करून म्हणून घ्यायचे.

काल आश्रमाचा नंबर लावला तो अंगणात जाऊनच.

एका बाईने उचलला. मी वाक्य म्हटलं. अगदी नीट.

ती काहीतरी विचारतच राहिली.

मग लक्षात आलं, मी पोरीचं नावच सांगितलं नाही!

"स्वाती! आमची स्वाती! इंडिया!"

तिने पलीकडे कुणाला तरी हाक मारून विचारलं.

मी तिथेच खाली बसले.

मग ती सावकाश म्हणाली, "स्वाती-सान, बुजी देस."

दुपारी स्वातीचा फोन आला. "माय, म्हाताऱ्यांना मैदानात नेऊन राहिली होती मी. मोबाईल आतच राहिला. तू जपानीत बोलली म्हणे?"



अजून धक्के येतील म्हणतात. फोन वाजला की छातीत धस्स होतं, नाही वाजला तरी होतं.

अहो, घाबरायचं काम आपल्या घरात तुमचं होतं. मी तुम्हाला हसायची.

आता तेही माझ्याकडे आलं.

तुम्ही निवांत राहा. पोरीकडे मी पाहते.

तुम्हाला मनापासून नमस्कार.