बॅडमिंटनचं जाळं

चिंचवडच्या घरातला माळा आवरताना बॅडमिंटनचं जुनं जाळं सापडलं. त्याला अजून नदीच्या चिखलाचा वास होता, आणि मी थेट कॉलेजच्या दिवसांतल्या इंद्रायणीकाठी पोचलो.

आमचे सर लहानपणी पाहिलेला एक बोटाएवढा मासा शोधत होते. जाळं आणायचं काम मी मोठ्या ऐटीत अंगावर घेतलं आणि हे आणलं. तीन रविवार आम्ही ते कमरेएवढ्या पाण्यातून ओढलं. मासा मिळाला नाही. सरांनी जड मनाने वहीत लिहिलं, 'नामशेष'. मीही शोकसभेला शोभेल असा चेहरा करून शेजारी उभा राहिलो.

काठावर कपडे धुणाऱ्या एका आजींनी जाळ्याच्या भोकातून दोन बोटं आरपार घातली.

"मास्तर, ह्यातनं माजी बोटं जात्यात. मासा काय तुमच्यासाठी अडून बसंल व्हय?"

सर माझ्याकडे वळले. "अरे, हे जाळं कसलं?"

"बॅडमिंटनचं, सर."

सर हसत हसत चिखलातच बसले. मग तो शब्द खोडून त्यांनी आनंदाने लिहिलं, 'आम्हाला दिसला नाही.'

मला तो मासा आजवर दिसलेला नाही. पण कुणी काही कायमचं संपलं म्हणालं, की मी आधी त्याचं जाळं बघायला मागतो.