समुद्र अगदी शांत आहे

लहानपणापासून तिला प्रश्न फार, म्हणून घरात तिचं नाव चौकशीबाई पडलं. पुढे तिने त्याचाच व्यवसाय केला. हवामान बदलतंय, समुद्र पुढे सरकतोय, अशात किनाऱ्यावरचे लॉजवाले तग कसा धरणार, हा तिच्या संशोधनाचा विषय. लॉजवाले मात्र एकापेक्षा एक बनेल. खुर्ची द्यायचे, चहा पाजायचे आणि पाण्याचं नाव काढलं की म्हणायचे, "आमच्याकडे काही नाही हो, पलीकडे विचारा." पलीकडचा अलीकडे बोट दाखवायचा.

खरं बोलला तो एकटा दादा, तिचा सख्खा भाऊ. त्याचंही लॉज तिथेच. गिऱ्हाइकाचा फोन आला की तोही ठोकून द्यायचा, "समुद्र? अगदी शांत आहे. या बिनधास्त!" आणि बहिणीकडे बघून डोळा मारायचा. पण स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता त्याने तिला सगळं सांगितलं. उधाणाला खालच्या खोल्यांत पाणी शिरतं, गाद्या वर खेचाव्या लागतात, भीतीने वहिनीच्या डोळ्याला डोळा लागत नाही. त्याने बहीण म्हणून सांगितलं. तिने अहवालात लिहिलं.

नाव गाळलं, नियमच तसा. पण भावाचं कौतुक काही आवरलं नाही. "गाद्या वर चढवायला कप्पी बसवलेलं लॉज," असं लिहून गेली. तशी कप्पी अख्ख्या किनाऱ्यावर दादाकडेच होती. सहली काढणाऱ्या कंपनीने अहवाल वाचला आणि त्याच्याकडे माणसं पाठवणं बंद केलं. थापा मारणाऱ्यांची लॉज भरलेलीच राहिली. हे बघून तिला स्वतःचीच चीड आली.

नंतर वहिनीकडून कळलं की वरचा मजला कायमच्या भाडेकरूला दिलाय आणि दोघं खालीच झोपतात. त्यातच मोठं उधाण येऊन गेलं. ती तशीच निघाली.

दादाने तिला बाहेर, गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसवलं. आजवर ती थेट स्वयंपाकघरात शिरायची. उघड्या दारातून पलंग दिसत होता. त्याचे पाय विटांवर चढवलेले होते आणि विटा ओल्या होत्या.

"दादा, पाणी आलं होतं ना? खरं सांग. दोघं माझ्याकडे चला राहायला."

दादाने तिच्यासमोर चहा ठेवला.

"समुद्र? अगदी शांत आहे," तो म्हणाला.

तो आता डोळा मारेल म्हणून ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.