बसलेल्याला उठवायचं नाही

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात, जुन्या शहरातल्या माझ्या दुकानात, एका उघडलेल्या कॉम्प्युटरमधली धूळ ब्लोअरने उडवत होतो. फोन तिच्या भावाचा होता. ब्लोअरच्या आवाजात आधी ऐकूच आलं नाही, त्या बिचाऱ्याला ते वाक्य पुन्हा म्हणावं लागलं. अशा वेळी पायाखालची जमीन सरकते म्हणतात. माझी काही सरकली नाही. मला राग आला. इतका, की हातातला ब्लोअर मी टेबलावर आपटला आणि समोरचं गिऱ्हाईक घाबरून दारापर्यंत मागे गेलं. आता काही आठवडे झालेत. लोक म्हणाले, तुम्ही तिचे कॉलेजपासूनचे मित्र, दोन शब्द लिहा. लिहितो. पण राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. शांत, हळव्या आठवणी ज्यांना हव्या असतील त्यांनी खुशाल पान उलटावं.

आम्ही दोघं अमरावतीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकलो. मी भातकुलीकडच्या शेतकऱ्याचा पोरगा, ती बडनेऱ्याची, वडील रेल्वेत. आमच्या लॅबमध्ये एक सर्व्हर होता. सर्व्हर म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. वेबपेज जिथे ठेवलेली असतात आणि मागेल त्याला जो ती देतो, तो एक कॉम्प्युटर. आम्ही बनवलेली पानं त्याच्यावर टाकायची आणि चालतात का ते बघायचं. लॅबचे सर मनात येईल तेव्हा तो बंद करून चालू करायचे, आणि जो ज्या पानावर काम करत बसला असेल त्याचं सगळं पाण्यात. आम्ही चरफडायचो आणि पुन्हा सुरुवात करायचो. सुजाता एक दिवस उभी राहिली. म्हणाली, “सर, पोरं बसली आहेत.” सर म्हणाले, “मग? पुन्हा बसतील.” त्यावर ही, “पुन्हा काहून बसतील? एकदा बसलेत ना!” सरांनी तिला लॅबबाहेर काढलं. कँटीनमध्ये मी तिला म्हटलं, तू येडी आहेस का, एवढ्याशा गोष्टीसाठी… तर तिने चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, “पम्या, माह्या बाबाले लहानपणी एका लग्नाच्या पंगतीतून उठवलं होतं. पान वाढून झालं होतं. हाताले धरून उठवलं. बाबा आजबी जेवाले बसले ना, कोणी किती हाका मारू दे, मधातून उठत नाईत.” एवढं बोलून तिने माझ्या बशीतली उरलेली कचोरी उचलून खाल्ली आणि विषय संपवला. पुन्हा आयुष्यात कधी ती त्याबद्दल बोलली नाही. बोलायची गरजच नव्हती, पुढे तिने जे जे केलं त्यात ते होतंच.

पुढे मी अकोल्यात दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि ती अमरावतीत कंत्राटावर शिकवू लागली. संध्याकाळी बडनेऱ्यातल्या एका वाचनालयाच्या अभ्यासिकेत पोरांना शिकवायला जायची. वाचनालयाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर ते चालवणाऱ्या मंडळाचे लोक म्हणतील प्रसिद्धी मिळाली, आणि खूश होतील. भरतीच्या परीक्षा तोवर सगळ्या कॉम्प्युटरवर गेल्या होत्या. आजूबाजूच्या खेड्यांतून येणाऱ्या पोरींना उत्तरं यायची, पण माऊस कधी हातात धरलेला नसायचा. एक पोरगी तिला म्हणाली होती, “मॅडम, उत्तर येते, पण तो बाण कोठी पळते ते दिसत नाई.” घड्याळ पुढे जातंय, बाण सापडत नाही, आणि वर्षाची मेहनत गेली. सुजाताने त्या दिवशी मला फोन केला. “पम्या, तुह्या दुकानात एखादं मढं पडलं असन तं दे.” मढं म्हणजे जुनी मशीन. दिली एक. तिला खऱ्या परीक्षेसारखी हुबेहूब सराव परीक्षा बनवायची होती, आणि ती इंटरनेटशिवाय, त्याच खोलीत, वायरीने जोडलेल्या कॉम्प्युटरांवर चालायला हवी होती.

मी म्हटलं, त्या मशीनची मेमरी एवढीशी आहे, कॉलेजात शिकलो तो सर्व्हरचा भारी प्रोग्राम टाकलास तर सगळ्या पोरींनी एकदम बटण दाबलं की धापा टाकत बसेल. झालंही तसंच. मग तिने तो काढून हलका सर्व्हर टाकला, जो लागेल तेवढंच उचलतो आणि उगाच ओझं वागवत नाही. त्याची सेटिंगची फाईल म्हणजे मोजक्या ओळी: पानं कुठे ठेवलीत, कोणत्या दाराने आत घ्यायचं, कोणाला काय द्यायचं. तिने दोन दारं ठेवली. एका दाराने पोरी यायच्या, परीक्षा द्यायच्या. दुसरं दार चाचणीचं. नवीन काहीही केलं की ते आधी चाचणीच्या दारामागे, आणि तिथे बसवायची आपल्या आईला. आईंनी शाळा जेमतेम पाहिलेली. “आईले समजलं तं कोणालेबी समजन,” हा तिचा नियम. आई चष्मा सावरत एकेक बटण दाबायच्या आणि कुठे अडल्या की म्हणायच्या, “हे काय वं, हे तं काहीच बोलत नाई.” मग सुजाता ते पान पुन्हा करायची. वीज गेली तर काय होतं हे बघायचं असलं की ओरडायची, “आई, वायर ओढ!” आणि आई इतक्या आवडीने वायर ओढायच्या, की मला नेहमी वाटायचं, आयुष्यभराचा राग काढून घेतायत. मशीन पुन्हा चालू केली की परीक्षा जिथे सोडली त्याच प्रश्नावर आली पाहिजे, दिलेली उत्तरं जागेवर पाहिजेत. आली नाहीत तर पुन्हा काम, पुन्हा आई, पुन्हा वायर. असं ती शेवटी जमवूनच थांबली.

आणि एक गोष्ट. सर्व्हरची सेटिंग बदलली की ती त्याला कळवावी लागते. त्याच्या दोन रीती. एक आमच्या सरांची: बंद करा, चालू करा, जे बसलेत ते मरू द्या. दुसरी अशी, की त्याला नुसतं सांगायचं, बाबा, नियम बदललाय, आता नवीन येईल त्याला नव्या नियमाने घे, आणि आधीपासून जो बसलाय त्याचं जुन्या नियमाने पुरं होऊ दे. हलक्या सर्व्हरमध्ये ही सोय असते हे तिला कळलं तेव्हा ती लॉटरी लागल्यासारखी हसली होती. मशीनवर तिने स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली: ‘बसलेल्याला उठवायचं नाही.’ मंडळाच्या लोकांना वाटलं अभ्यासिकेतल्या खुर्च्यांबद्दल आहे. तिने कधी समजावून सांगितलं नाही.

तिची आणि माझी शेवटची भेट त्याच खोलीत झाली. मी यूपीएसची बॅटरी बदलायला गेलो होतो. ती भिंतीला टेकून बसली होती, चेहरा राखेसारखा. डाव्या खांद्यात कळ येत होती, डॉक्टरांनी भरती व्हायला सांगितलं होतं. मी म्हटलं, चल, आत्ता, माझ्या गाडीवर बस. तर म्हणते, “या पोरींची परीक्षा होऊन जाऊ दे, मंग पाहू.” मी ओरडलो. पोरी बघायला लागल्या. ती हळू आवाजात म्हणाली, “काहून बोंबलून राहिला बे? मले काई होत नाई. मधातून उठून गेली तं याईले कोण पाहीन?” मी पुष्कळ बोललो… तिच्यासमोर बोलून कोणाचा काही उपयोग झालाय कधी? नियम दुसऱ्यांना न उठवण्याचा होता. स्वतः उठायचं नाही असं त्यात कुठे लिहिलं होतं? माझा तिच्यावर राग आहे तो एवढ्यासाठी. तिने स्वतःसाठी दुसरं दारच ठेवलं नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती गेली. ज्या पोरींसाठी थांबली, त्यांची परीक्षा तिने पाहिली नाहीच.

आता दुसरा राग. शोकसभा मंडळाने त्याच अभ्यासिकेच्या बाहेरच्या दालनात ठेवली. फ्लेक्स, फोटो, हार, सगळं साग्रसंगीत. परीक्षा तोंडावर होती, म्हणून पोरी आतल्या खोलीत शेवटची सराव परीक्षा देत होत्या. सभेला बसायचं की परीक्षेला, असं त्यांनी सुजाताच्या आईंना विचारलं होतं, आणि आई म्हणाल्या होत्या, “तुमी आत बसा, तेच तिचं.” बाहेर अध्यक्षांचं भाषण रंगात आलं. दीपस्तंभ, समई, चंदन, एकही वस्तू सोडली नाही. मी मागे बसून दात खात होतो, कारण याच माणसाने ती जिवंत असताना ती मशीन अडगळ म्हणून दोनदा हलवायला लावली होती. तेवढ्यात आतल्या पोरी एकेक करून दारात येऊन उभ्या राहिल्या. पायल म्हणून एक आहे, भातकुलीकडची. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, “काका, बंद पडलं सगळं.”

मी आत गेलो. मशीन मेलेली. यूपीएस मेलेला. वायर धरत धरत बाहेर आलो तर ती अध्यक्षांच्या खुर्चीमागच्या बोर्डाशी पोचली. कोणीतरी आमचा प्लग काढून तिथे लाऊडस्पीकरचा लावला होता! पोरी म्हणाल्या, यूपीएस किती वेळ टीटी करून ओरडत होता, आम्ही सांगायला आलो तर दारातल्या माणसाने तोंडावर बोट ठेवून मागे पाठवलं, श्रद्धांजली चालू आहे म्हणून. म्हणजे तिच्या नावाने भाषण चाललं होतं आणि तिची मशीन मागे जीव तोडून ओरडत होती, आणि दोन्ही आवाज एकाच छपराखाली होते… आणि माणसांना त्यातला एकच ऐकू आला.

मी स्टेजवर गेलो आणि भाषण संपवून खुर्चीत बसलेल्या अध्यक्षांना म्हटलं, “उठा.” त्यांना वाटलं मला बोलायचंय. म्हणाले, “तुमचं नाव आहे यादीत, थोडं थांबा.” मी म्हटलं, “बोलायचं नाही मले. खुर्ची सरकवा. तुमच्या मागं प्लग हाये.” ते हलेनात. मग मी त्यांच्या दंडाला धरलं आणि उठवलं. होय, हाताला धरून उठवलं, भरल्या सभेत, स्पीकरचा प्लग उपटून फेकला आणि आमचा लावला. तिच्या आयुष्यभराच्या नियमाचा भंग तिच्याच शोकसभेत मी केला, आणि मला त्याची तिळमात्र खंत नाही. लोक उठून माझ्यावर ओरडले. पहिल्या रांगेतून तिच्या आई उठल्या, कोणाकडे न बघता सरळ आत गेल्या, मशीनचं बटण दाबलं आणि पोरींना म्हणाल्या, “बसा वं बायांनो. म्या किती खेपा ओढली ही वायर. जिथं होत्या तिथूनच सुरू होते.” पोरी बसल्या. आपापल्या प्रश्नावर, आपापल्या उत्तरांसकट. पायल पडद्याकडे बघून तोंडावर ओढणी धरून रडली आणि मग पुढच्या प्रश्नावर गेली. मला रडू आलं ते तेव्हा. फोन आल्यावर नाही, स्मशानातही नाही.

मंडळाचं तरी समाधान होतं का? नाही. त्यांनी आता ठराव केलाय, की ती आतली खोली सुजाताच्या नावाने स्मृतिकक्ष करायची. फोटो, समई, काचेचं कपाट. कॉम्प्युटर हलवायचे. कुठे, तर ‘नंतर बघू’. जिवंतपणी जी खोली तिला धड मिळू दिली नाही, ती मेल्यावर तिच्या नावाने तिच्याच पोरींकडून काढून घ्यायची, याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. मी म्हटलं तर संपादक छापणार नाहीत.

परवा मी बडनेऱ्याला उतरून तिथे गेलो. आतल्या खोलीत, सभेनंतर मशीनचा प्लग मी ज्या बोर्डात आणून लावला होता त्याला पाठ लावून, प्लगच्या बरोबर समोर, एका प्लास्टिकच्या खुर्चीवर आई बसल्या होत्या. आता त्या रोज येतात म्हणे. येताना डबा आणतात, तिथेच जेवतात. नवीन पोरींची तुकडी माऊस पकडायला शिकत होती, मशीनचा पंखा घरघरत होता, आणि त्यावरची सुजाताच्या अक्षरातली चिठ्ठी एका कोपऱ्यातून सुटली होती, ती मी अंगठ्याने दाबून बसवली. तेवढ्यात मंडळाचा माणूस टेप घेऊन आला. कपाटासाठी भिंतीचं माप घ्यायचं होतं. आईंना म्हणाला, “आजी, जरा उठता का?”

आईंनी चष्मा सावरला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. म्हणाल्या, “पोरी बसल्या हायेत ना बावा.”

“बरं, त्यांचं झाल्यावर?”

“मंग दुसऱ्या बसतीन.”