थाटीपुरातला तीन गियरचा ट्रक

ऑफिसातली जुनी मंडळी कधी एकत्र बसली की कोणीतरी म्हणतंच, "जाधव, ती ट्रकवाली गोष्ट होऊन जाऊ दे." मी सांगतो. एक सांगितली की तिला लागून दुसरी निघते, दुसरीतून तिसरी. इतक्या साठल्यात की आता आधी काय घडलं आणि मग काय, ते मलाच बोटांवर मोजावं लागतं. लोक हसतात, मीही हसतो. पण स्कूटरवरून घरी येताना माझे कान गरम झालेले असतात. कारण या सगळ्या गोष्टींत एकच माणूस तोंडावर पडतो, आणि तो मी आहे.

शेवटची एक मी बैठकीत कधी सांगितलेली नाही. आज लिहायलाच बसलोय तर तीही लिहितो.

छत्तीसगड वेगळं झालं त्या सुमाराची गोष्ट. ग्वाल्हेरच्या आमच्या सरकारी ऑफिसात कामं थंडावली होती. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय, इथे कोण राहणार आणि रायपूरला कोण जाणार. अरविंद मुळे आणि मी दोघंही ड्राफ्ट्समन, एकाच दिवशी नोकरीला लागलेलो, थाटीपुरात समोरासमोरच्या क्वार्टरमध्ये राहणारे. एका रविवारी मुळेनं आपल्या व्हरांड्यात एक खोकं उघडलं.

आत रिमोटवर चालणारा ट्रक होता, हातभर लांब. मुळेच्या थोरल्या भावानं बोटीवर नोकरीला असताना जपानहून आणलेला, त्याला वीस वर्षं झालेली. भाऊ वारला तेव्हा वहिनीनं तो मुळेकडे पाठवून दिला. खेळणं म्हणावं असं त्यात काही नव्हतं. लोखंडी सांगाडा, चारही चाकांना ताकद, खऱ्या ट्रकसारखे धक्के झेलणारे पाटे, आणि पोटात तीन गियरचा गियरबॉक्स. रिमोटवरची दांडी सरकवली की पहिला, दुसरा, तिसरा असा गियर बदलायला हवा. तो बदलत नव्हता. मोटर घोंघावायची, आतून कर्रकर्र आवाज यायचा आणि ट्रक जागच्या जागी.

मुळे म्हणाला, "रायपूरला नंबर लागायच्या आत दादाचा ट्रक एकदा तिन्ही गियरमध्ये पळाला पाहिजे."

"गियरबॉक्स माझ्यावर सोड," मी म्हणालो. "आमच्या रक्तात आहे ते."

*

रक्तात कसं, तेही मी तिथेच सांगितलं. ऐकायला मुळे होता, त्याची बायको शैलावहिनी होती आणि ऑफिसच्या जीपचा ड्रायव्हर भदौरिया होता. माझे आजोबा संस्थानच्या फौजेत मोटारी चालवायचे. संस्थान विलीन झालं, फौज नव्या फौजेत मिसळली, नवे ट्रक आले, आणि ते गियर टाकायला अख्ख्या छावणीत फक्त आजोबांनाच जमायचं. मी हातवारे करून सांगत होतो.

माझे काका शिंदे की छावनीत राहायचे. ते माझ्याकडे आले होते, घरात मी नाही म्हणून समोर आले आणि मागे उभे राहून ऐकत होते.

"कोणाबद्दल बोलतोयस?" काका म्हणाले. "आप्पांबद्दल? आप्पा तबेल्यात होते. मोटारीत बसले की त्यांना उलटी व्हायची. फौज मोडली, घोडे गेले, तेव्हा ते घरी बसले."

भदौरियानंच मला सांभाळून घेतलं.

"तो क्या हुआ जाधव साब," तो गंभीरपणे म्हणाला. "घोड़े में भी चार गियर होते हैं."

*

तरी गियरबॉक्स मीच उघडला. खाली वर्तमानपत्र पसर, असं मुळे म्हणत होता. मी म्हणालो, गरज नाही.

शेवटचा स्क्रू निघाला आणि आतून एक स्प्रिंग उडाली. तिच्या पुढे एक छर्रा होता, साबुदाण्याएवढी पोलादी गोळी. गियर जागेवर धरून ठेवायचं काम तिचं. स्प्रिंग माझ्या मांडीवर पडली, छर्रा दिसेना. आम्ही तिघं रांगत व्हरांडा झाडत होतो. भदौरियानं लोहचुंबक आणलं, त्याला दोन टाचण्या लागल्या.

तासाभरानं शैलावहिनी आतून आल्या. हातात पोह्यांचं ताट होतं. स्प्रिंग उडाली तेव्हा आम्हाला द्यायचे म्हणून पोहे निवडत त्या दारातच बसल्या होत्या.

"ही तुमची का?" त्यांनी तळहात पुढे केला. "नाही, जाधव भावोजींच्याच बशीत जाणार होती, पण म्हटलं विचारून घ्यावं."

*

पुढची गोष्ट सांगताना लोकांना वाटतं मी तिखटमीठ लावतोय. नाही लावत.

सगळं परत जोडलं. झाकण बसलं, स्क्रू बसले, आणि माझ्या हातात एक बारीक वॉशर उरला. मुळे आत पाणी प्यायला गेला होता. भदौरिया बिडी पेटवत होता. मी वॉशर शर्टाच्या खिशात टाकला आणि म्हणालो, "झालं."

ट्रक पहिल्या गियरमध्ये अडकून बसला. मी म्हणालो ग्रीस जुनं असेल. मुळेनं ग्रीस बदललं. मग म्हणालो बॅटरी कमी पडत असेल. भदौरियानं सहा सेल जोडून नवी बॅटरी बांधली. मग म्हणालो, जपानी माल, आपल्या धुळीची सवय नाही. आठ दिवस मुळे बिचारा माझ्या म्हणण्याप्रमाणे एकेक गोष्ट बदलत राहिला. आणि वॉशर खुंटीवरच्या शर्टात.

नवव्या दिवशी माझ्या बायकोनं, सुनंदानं, धुणं काढलं. मी ऑफिसात होतो. तिनं तो वॉशर कागदात बांधला आणि शैलावहिनींकडे दिला. कागदावर लिहिलं होतं, "यांच्या खिशात निघालं. चुकून आलं असेल."

मुळेनं तो कागद मला दाखवला नाही. मला दाखवला भदौरियानं. "भाभीजी की राइटिंग बड़ी साफ़ है," एवढंच बोलला.

*

वॉशर बसल्यावर गियर सुटे झाले, पण ते बदलायला एक छोटी मोटर होती, सर्व्हो म्हणतात तिला. रिमोटची दांडी हलली की ती आपला हात हलवते, हाताला सळी, आणि सळीनं गियर सरकतो. मी सळी घाईघाईत जोडली. उलटी.

त्या दिवशी मुळेला साहेबांना भेटायचं होतं. बदल्यांच्या याद्या साहेबांच्या हातून वर जायच्या. मी म्हणालो, ट्रक घेऊनच जाऊ, साहेब खूश होतील, बोलणं सोपं जाईल. साहेब बंगल्याच्या पायरीवर चहा पीत बसले होते. मी रिमोट हातात घेऊन सांगितलं, "सर, पहले गियर में देखिए, चींटी की चाल चलेगा."

तो तिसरा गियर होता. ट्रक सुटला तो थेट साहेबांच्या अनवाणी घोट्यावर. चहा पायजम्यावर सांडला.

साहेबांनी घोटा चोळला. ट्रक उचलून नीट पाहिला आणि मुळेला परत दिला.

"मुळे जी," ते म्हणाले, "रायपुर में बड़े-बड़े मैदान हैं. वहाँ आराम से चलाइएगा."

*

सळी अखेर मुळेनं बसवली. ड्राफ्ट्समन माणूस. त्यानं मोठ्या कागदावर सर्व्होचा हात, सळी आणि तिन्ही गियरच्या जागा काढल्या, आणि त्याच्या लक्षात आलं की आम्ही पहिल्या गियरपासून सुरुवात करतोय तीच चूक. सर्व्हो मधोमध उभा असताना ट्रक दुसऱ्या गियरमध्ये हवा. मधला नीट बसला की डावी-उजवीकडचे दोघे आपोआप बसतात. सळी दोन आटे आत घेतली, आणि ट्रक व्हरांड्यातून लोण्यासारखा गेला. मुळे चष्मा काढून सदऱ्याला पुसत बसला.

मराठी मंडळात ट्रकचं प्रात्यक्षिक ठेवलं. ट्रक फळीच्या चढावर पहिल्या गियरमध्ये चढणार होता. आधी दोन शब्द बोलायला मी उठलो. दोनाचे बरेच झाले. गियर म्हणजे काय, शक्ती आणि वेग यांचं नातं काय. मध्येच शब्द सुचेना की मी हिंदीत शिरायचो आणि तिथून परतीची वाट सापडत नव्हती. "तो क्या होता है की, म्हणजे, दंतचक्र जे आहे ना..." ट्रकचं बटण मी सुरुवातीलाच चालू करून ठेवलं होतं.

दांडी सरकवली तेव्हा ट्रक इंचभर हलला आणि थांबला. बॅटरी संपली होती.

पुढच्या रांगेतल्या एक आजी शेजारणीला म्हणाल्या, अगदी हळू, पण हॉलमध्ये सगळीकडे ऐकू गेलं, "ट्रक चांगला आहे हो. त्या माणसाला चालू करून बंद करायचं विसरले."

*

आता राहिलेली.

याद्या निघायच्या आधी साहेबांनी कळवलं होतं की घरची खरी अडचण असेल त्यानं लिहून द्यावं, विचार होईल. आम्हा दोन ड्राफ्ट्समनपैकी एक जाणार हे पक्कं होतं. मुळेनं मला विचारलं, "तू काही लिहून देतोयस का?"

"छे," मी म्हणालो. "काय अडचण आहे आपल्याला?"

"मग मीही नाही देत," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो जेवायला घरी गेला तेव्हा मी अर्ज दिला. आई अंथरुणाला खिळलेली आहे, माझ्याशिवाय तिला पाहणारं कोणी नाही, असं त्यात लिहिलं. अक्षर छान काढलं होतं. हेच मला अजून खुपतं.

यादीत मुळेचं नाव आलं. तो माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "तुझं नाही आलं, बरं झालं." मी वर पाहिलं नाही.

आई तेव्हा शिंदे की छावनीत काकांच्या शेजारी राहायची. मुळे निघायच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी मी तिच्याकडेच होतो, आत दाढी करत. बाहेर कडी वाजली. आई त्याच मिनिटाला सराफा बाजारातून आली होती, कानातल्याचा फासा दुरुस्त करून. दार तिनंच उघडलं.

दारात मुळे होता. एका हातात ट्रक, दुसऱ्या हातात डाळिंबांची पिशवी.

"अरे अरविंद, ये ना. किती दिवसांनी आलास."

मुळे तिच्याकडे बघत राहिला. आईच्या पायांत अजून चपला होत्या. "काकू, तुम्ही बऱ्या आहात?"

"मला काय झालंय? रिक्षा मिळेना म्हणून आत्ता पायी आले सराफ्यातून."

मी तोंडाला साबण तसाच ठेवून बाहेर आलो. मुळे माझ्याकडे वळला. "साहेब म्हणाले की काकू..." एवढं बोलून तो थांबला. पुढचं त्याला माझ्या चेहऱ्यावरच वाचता आलं असावं.

मला वाटलं तो निघून जाईल. तो अंगणात उकिडवा बसला आणि ट्रक खाली ठेवला. "काकू, गंमत बघा." पहिल्या गियरमध्ये ट्रक हळूहळू पायरी चढून गेला. दुसऱ्यात आईभोवती एक फेरी मारली. तिसऱ्यात थेट फाटकापर्यंत. एकदाही कर्र झालं नाही. आई तोंडाला पदर लावून हसत होती.

"इतकं छान कोणी रे बसवलं हे?"

"आम्ही दोघांनी," मुळे म्हणाला. "जाधवनं आणि मी."

"आणि तुलाच का रे बाबा एवढ्या लांब धाडतायत?"

"कोणीतरी जायलाच हवं होतं, काकू."

तो तिच्या पाया पडला, ट्रक उचलला आणि गेला. माझ्याशी एक शब्दही बोलला नाही. रायपूरहूनही कधी नाही.

आईनं डाळिंबं परातीत काढली, एकेक हातात घेऊन पाहिलं.

"काय रे," ती म्हणाली, "आजाऱ्याला नेतात तशी ही डाळिंबं त्यानं कोणासाठी आणली होती?"