मोजेवाल्या काकू

"तिथूनच, तिथूनच." कोणी नमस्काराला वाकलं की काकू पाय साडीखाली ओढून घेत. समोरचा हिंदी बोलणारा असला तर, "वहीं से बेटा, वहीं से." आशीर्वाद मात्र डोक्यावर हात ठेवून तोंडभर देत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्याला वाटतं, केवढा हा विनय.

ग्वाल्हेरच्या खासगी बाजार मोहल्ल्यात त्यांचं घर आमच्या अगदी समोर. मधली गल्ली इतकी अरुंद की त्यांच्या फोडणीचा ठसका आम्हाला लागायचा. काकू बारा महिने मोजे घालत. तिथला मे महिना ज्याने काढला आहे त्याला यातलं नवल कळेल. कूलरमधून गरम वारा यायचा आणि काकू जाड राखाडी मोज्यांत स्वयंपाक करायच्या. विचारलं तर म्हणत, "मला ना, फरशीची थंडी बाधते." देवळात जाऊन मोजे काढायला नकोत म्हणून बाहेरूनच हात जोडत. गल्लीतली पोरं त्यांना 'मोजेवाली आंटी' म्हणत. बायका म्हणत, भटजींचं घराणं, सोवळं असेल काहीतरी.

सोवळं नव्हतं. ते मला कळलं त्यांच्या केदारचं लग्न ठरलं तेव्हा. मुलगी मुरारची, म्हणजे गावाच्या पलीकडच्या छावणीतली, मराठा घरातली. तिचे पणजोबा, खापरपणजोबा सगळे शिंद्यांच्या फौजेत. दोन्हीकडचे काही म्हातारे थोडे दिवस फुगून बसले, मग पत्रिका छापायच्या वेळी आपोआप बोलू लागले. काकूंना सून मनापासून आवडली होती. तरी त्या दिवसेंदिवस उतरत चालल्या होत्या.

एका दुपारी त्या आमच्याकडे आल्या, दार लोटलं, दिवाणावर बसल्या आणि एका पायातला मोजा काढला. अंगठ्याचं नख पिवळं, जाड, शिंगासारखं वर आलेलं. कडेने भुसा सुटत होता. बाजूची दोन नखंही त्याच वाटेवर.

"लग्नात विहीणबाई माझे पाय धुणार," काकू म्हणाल्या. "सगळ्यांसमोर. आणि तो शूटिंगवाला कॅमेरा पायाशीच धरून बसतो."

आपल्या लग्नांत मुलीची आई वरमाईचे पाय धुते, मानाने, चांदीच्या ताटात. बाकीच्या बायका ज्या मानासाठी रुसतात, तो काकूंना फाशीसारखा दिसत होता.

मोजे कधीपासून, तेही त्यांनी सांगितलं. केदार शाळेत होता, नख नुकतंच पिवळं पडू लागलं होतं. सकाळी चहा देताना काका म्हणाले, "पाय आत घे." पेपर वाचता वाचताच म्हणाले, रागावून नाही. काकूंनी पाय आत घेतला आणि तेव्हापासून बाहेर काढलाच नाही. काका जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

फूलबागेजवळ फक्त पायांचे आजार बघणारी एक डॉक्टरीण होती. मी नेते म्हटलं, तर काकूंना पटेना. "पायांना वेगळा डॉक्टर? मग गुडघा कोणाकडे, तिथे हद्द बदलते का?" तरी माझ्या स्कूटरवर मागे बसून आल्या.

डॉक्टरीण तरुण होती. तिने हातमोजे चढवले आणि काकूंचा पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला. "अगं, अगं," करत काकूंनी तो ओढायला पाहिला, पण तिने टाच पक्की धरली होती.

"अम्मा, गर्मी में भी मोज़े?"

"किसी को दिखे ना, इसलिए."

"मोज़े में ही तो ये पल रहा है. पसीना, अँधेरा. और क्या चाहिए इसे?"

तिने नखाचा तुकडा तपासणीला घेतला, जाड भाग घासून पातळ केला, रक्त तपासून मग गोळ्या सुरू करू म्हणाली. काकूंनी हळूच विचारलं, "बेटी, शादी दिवाली के बाद है. तब तक?"

"नया नाखून जड़ से आएगा. साल भर तो मानकर चलिए."

परतताना काकू चौकाचौकात तेच म्हणत होत्या, "मतलब लग्न आधी, नख नंतर."

शेवटी त्यांनी केदारला एवढंच सांगितलं, की मला पाय धुवून घ्यायचे नाहीत. कारण विचारल्यावर गप्प राहिल्या. पोराने आपल्या मनाने कारण लावलं आणि आई जुन्या रीती मोडते आहे म्हणून सगळ्यांना अभिमानाने कळवून टाकलं. झालं. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई घरी येऊन काकूंचा हात हातात घेऊन गेल्या. 'पुढारलेली सासू' या विषयावर चार शब्द बोला, असा आग्रह झाला. काकू खिडकीतून माझ्याकडे बादलीखाली सापडलेल्या मांजरासारख्या बघत.

मग मुरारहून विहीणबाईंचा फोन आला. त्या चिडल्या नव्हत्या. त्यांनी फक्त विचारलं, "ताई, आमच्या हातचं पाणी तुमच्या पायांना चालत नाही का?"

त्या रात्री काकू जेवल्या नाहीत. सकाळी मला म्हणाल्या, "नाही सांगितलं तर ती बाई जन्मभर हेच समजणार. आणि सांगू कसं? ऐकून कोणाचा विश्वास बसेल का? चल, मुरारला चल."

विहीणबाईंनी पोहे केले होते, पण स्वतः खुर्चीच्या टोकाला बसल्या होत्या. आतल्या खोलीत त्यांचे यजमान बातम्या ऐकत होते. काकूंनी बशी बाजूला ठेवली आणि मोजा काढायला घेतला. त्याचा धागा नखात अडकला. सुटेना. विहीणबाई उठल्या, जमिनीवर बसल्या आणि त्यांनीच तो धागा सोडवला.

मग काकूंनी मोजा ओढून काढला.

"हे आहे," काकू म्हणाल्या. "जात नाही, पात नाही, पुढारलेपण तर मुळीच नाही. हे आहे."

विहीणबाईंनी नखाकडे निरखून पाहिलं. "दुखतं का हो?"

"जोडा घातला की दुखतं," काकू म्हणाल्या आणि रडायला लागल्या. विहीणबाईंनी पाय सोडला नाही. आतून यजमानांनी विचारलं, "क्या हुआ?" विहीणबाईंनी इथूनच सांगितलं, "काही नाही, तुम्ही बातम्या बघा."

लग्नात पाय धुतले गेले. ताट आलं, कोमट पाणी आलं, शूटिंगवाला गुडघ्यावर बसला. विहीणबाई मान वर न करता म्हणाल्या, "भैया, कैमरा ऊपर. चेहरा लो." त्या व्हिडिओत काकूंचा चेहराच तेवढा दिसतो. डोळे गच्च मिटलेले, ओठ दाबलेले. दात काढायला बसल्यासारख्या. एवढ्या वर्षांचं ओझं काही पाणी ओतलं की चेहऱ्यावरून उतरत नाही.

गोळ्या त्यांनी नेमाने घेतल्या. नवं नख मुळाशी आलं, गुलाबी, तांदळाएवढं, मग हळूहळू पुढे सरकलं. पूर्ण सरळ ते कधी झालं नाही. काकू मात्र सुती साडीत, उघड्या पायांनी गल्लीत भाजी घ्यायला उतरू लागल्या. मोजे कुठे गेले, असं पोरांनी विचारलं तर म्हणत, "पेन्शन दे दी उनको."

पुढे केदारची बदली पुण्याला झाली आणि घर विकून काकूही गेल्या. निघायच्या सकाळी त्या निरोपाला आल्या. मी नुकतीच फरशी पुसली होती, म्हणून त्या दाराशी थांबल्या. मी म्हटलं, या हो आत. त्या चपला काढून तशाच ओल्यावरून स्वयंपाकघरापर्यंत आल्या, उभ्याउभ्या पाणी प्यायल्या, आणि खाली रिक्षेवाला हाका मारतो आहे म्हणून लगेच वळल्या.

रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत मी खिडकीत होते. मागे वळले तर फरशीवर त्यांची पावलं उमटलेली होती, येतानाची आणि जातानाची, पाचही बोटं स्पष्ट. पुसायचं फडकं हातातच होतं. ते मी बादलीत टाकलं आणि जूनच्या उन्हात ती पावलं वाळून जाईपर्यंत तिथेच बसून राहिले.